अपग्रेड-तबकडी आणि कोरी स्थापना : पूर्वस्वामित्वाच्या पुराव्याचा एक अध्याय

संगणकाच्या इतिहासाचे लेखन आजवर बहुधा यंत्रांच्या आणि ती निर्माण करणाऱ्यांच्या अंगाने झाले आहे. यंत्र विकत घेणारा मनुष्य त्या इतिहासात क्वचितच आढळतो, आणि आढळतो तेव्हाही अमुक इतक्या लाख प्रती खपल्या अशा वाक्यातील एका आकड्याच्या रूपानेच. वस्तुतः विक्रेता आणि ग्राहक यांच्यामधील व्यवहाराचे स्वरूप गेल्या तीन-साडेतीन दशकांत फार खोलवर पालटले, आणि ते पालटत असताना त्याच्या खुणा मोठ्या घोषणांपेक्षा स्थापनेच्या किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांत अधिक स्पष्टपणे उमटल्या. ऑपरेटिंग सिस्टीमची अपग्रेड-तबकडी घेऊन ती पूर्णपणे कोऱ्या डिस्कवर बसविता येते की नाही, हा असाच एक तपशील होय. तो वरवर तंत्रज्ञाच्या कामाचा दिसतो. तथापि त्याच्या पोटात, विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी कोणाची आणि ती सिद्ध कशी करावयाची, हा जुनाच प्रश्न दडलेला आहे.

येथे दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. अपग्रेड-तबकडी म्हणजे जुन्या आवृत्तीचा परवाना ज्याच्यापाशी आहे त्यास नवी आवृत्ती कमी किंमतीत देणारी प्रत. तिच्यातील आज्ञावली पूर्ण प्रतीतील आज्ञावलीहून बहुधा भिन्न नसते. भिन्न असते ती केवळ किंमत आणि त्या किंमतीस जोडलेली अट. कोरी स्थापना म्हणजे डिस्कवरील पूर्वीचे सर्व काही पुसून टाकून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसविणे. या दोहोंमधील विसंगती उघड आहे. पहिलीस जुन्या आवृत्तीचे अस्तित्व हवे असते, तर दुसरीचा आरंभच त्या अस्तित्वाच्या नाशापासून होतो. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधू इच्छिणाऱ्यास घरपट्टीची पावती दाखविण्यास सांगावे, आणि ती पावती मात्र जुन्या घराच्या भिंतीतच चिणलेली असावी, असा हा प्रकार आहे.

या प्रथेचा उगम इ. स. १९९१ मध्ये शोधावा लागतो. तत्पूर्वी मायक्रोसॉफ्ट कंपनीची एमएस-डॉस ही प्रणाली मुख्यत्वे संगणक बनविणाऱ्या कंपन्यांमार्फत यंत्राबरोबरच ग्राहकाच्या हाती येत असे. जून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाचवी आवृत्ती प्रथमच अपग्रेडच्या रूपाने दुकानांत सर्रास विक्रीस आली. यंत्र विकले गेल्यानंतरही त्याच ग्राहकाकडून पुन्हा पैसे मिळू शकतात हा शोध यात महत्त्वाचा होता. परंतु त्यास जोडूनच एक अडचण उभी राहिली. यंत्र बनविणाऱ्या कंपन्या प्रत्येक नव्या यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला परवान्याचे शुल्क देत असत. दुकानातील स्वस्त प्रत कोऱ्या यंत्रावरही चालू लागली असती, तर त्या शुल्काचा पायाच खचला असता. अपग्रेडवर पहारा बसविण्याची गरज या व्यापारी कारणातून उत्पन्न झाली, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील घटनांचा उलगडा सोपा होतो. याच सुमारास, १९९३ मध्ये, आयबीएम कंपनीने ‘ओएस/२ फॉर विंडोज’ नावाची आवृत्ती काढली. तिच्यात विंडोजचे अंग मुळीच अंतर्भूत नव्हते. ते ग्राहकाच्या यंत्रावर आधीच असलेल्या विंडोजमधून घेतले जाई. ग्राहकाने एकदा मोजलेल्या शुल्काची परतफेड दुसऱ्यांदा करावी लागू नये एवढाच त्यात हेतू होता. म्हणजे जुन्या प्रतीवर अवलंबून राहणे ही केवळ एकाच कंपनीची युक्ती नव्हती.

विंडोज ९५ ही आवृत्ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. तिच्या पूर्ण प्रतीची किंमत सुमारे २१० डॉलर आणि अपग्रेड प्रतीची सुमारे ११० डॉलर होती. फ्लॉपीवर घेतल्यास ती तेरा तबकड्यांत येत असे. स्थापना सुरू होताच आज्ञावली डिस्कवर विंडोजच्या पूर्वीच्या आवृत्तीच्या खुणा शोधी. त्या न आढळल्यास ती ग्राहकास थांबवून, जुन्या आवृत्तीची तबकडी यंत्रात घालण्यास सांगे. विंडोज ३.१ ची फ्लॉपी क्षणभर दाखविली की काम पुढे चालू होई. ही रीत सरळ आणि माणुसकीची होती असेच म्हणावे लागते. पुरावा ग्राहकाच्या कपाटात होता. तो त्याने काढावा, दाखवावा आणि पुन्हा ठेवून द्यावा. त्यासाठी जुनी प्रणाली यंत्रावर जिवंत असण्याची गरज नव्हती. अर्थात या रीतीत एक उघड फट होती. फ्लॉपी उसनी आणता येत असे आणि एकाच फ्लॉपीवर सगळी आळी विंडोज ९५ बसवू शके. परंतु फटीची ही किंमत कंपनीने त्या काळी सोसली.

कोऱ्या स्थापनेचा हट्ट ग्राहक का धरीत, हे आता पाहू जाता त्याची कारणे तांत्रिक असली तरी काल्पनिक नव्हती. विंडोज ९५ पासून यंत्राच्या सर्व मांडणीची नोंद रजिस्ट्री नामक एका केंद्रस्थ वहीत होऊ लागली. प्रत्येक आज्ञावली त्या वहीत आपल्या नोंदी करी. पण काढून टाकली असता त्या सर्व पुसून जाईलच असा नियम नव्हता. अनेक आज्ञावल्या सामाईक ग्रंथालय-फाइली एकमेकींच्या वापरीत आणि एकीने आपली जुनी आवृत्ती दुसरीच्या नव्या आवृत्तीवर ठेवली म्हणजे दुसरी बंद पडे. जुन्या छपाईयंत्रांचे, ध्वनिपत्रिकांचे चालक तसेच पडून राहत. अशा यंत्रावर नवी आवृत्ती चढविली म्हणजे जुना सारा केरकचरा नव्या घरात वारसाहक्काने येई. त्याखेरीज विषाणूंनी पोखरलेले यंत्र निर्धास्तपणे वापरावयाचे तर डिस्क पुसण्यावाचून दुसरा खात्रीचा उपाय नसे. आणि कित्येकदा तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण डिस्क निकामी झाल्यावर तिच्या जागी नवी कोरी डिस्कच बसविलेली असे. या शेवटच्या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पुढे जो वाद माजला त्यात सर्वाधिक अन्याय अशाच ग्राहकावर झाला.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज एक्सपीने जुन्या तबकडीची साक्ष कायम ठेवली. एक्सपीची अपग्रेड-सीडी घालून यंत्र सुरू करावे, कोऱ्या डिस्कवर स्थापना मागावी, आणि मागणी होताच विंडोज ९८, एमई अथवा पात्र असलेल्या अन्य आवृत्तीची सीडी दाखवावी, एवढ्याने काम भागे. विंडोज ९५ ची सीडी मात्र आता साक्षीदार म्हणून ग्राह्य नव्हती. या आवृत्तीत एक नवी गोष्ट शिरली, तिचे नाव ॲक्टिव्हेशन. स्थापनेनंतर ३० दिवसांच्या आत यंत्राच्या घटकांवरून तयार केलेला एक संकेत, प्रतीच्या चावीसह, कंपनीकडे पोहोचवून मान्यता घ्यावी लागे. त्यामुळे एकच चावी अनेक यंत्रांवर वापरणे कठीण झाले. पुराव्याचा एक भाग ग्राहकाच्या कपाटातून निघून कंपनीच्या दप्तरात जाऊ लागला, तो येथे.

त्याच काळात साक्षीच्या रीतीला एका निराळ्या दिशेने धक्का बसला. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी यंत्राबरोबर विंडोजची संपूर्ण सीडी देण्याचे हळूहळू सोडून दिले. तिच्याऐवजी यंत्र मूळ स्थितीस आणणारी पुनःस्थापना-तबकडी, किंवा डिस्कच्याच एका राखीव भागात ठेवलेली प्रतिमा, ग्राहकाच्या पदरी पडू लागली. अशी तबकडी अपग्रेडच्या आज्ञावलीकडून ओळखली जाईलच याची शाश्वती नसे. आणि राखीव भाग तर डिस्क बिघडताच तिच्याबरोबर जाई. पैसे मोजून विंडोज घेतलेला ग्राहक अशा रीतीने हळूहळू पुराव्याविना राहू लागला. येथेच आणखी एक विरोधाभास नोंदण्यासारखा आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या कृमीने जगभर थैमान घातले, तेव्हा जुन्या सीडीवरून नव्याने स्थापिलेले, म्हणजे शब्दशः स्वच्छ असलेले यंत्र, दुरुस्त्या उतरवून घेण्यासाठी इंटरनेटला जोडावे तर त्या उतरण्यापूर्वीच ते बाधित होई. ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकने संरक्षक भिंत मुळापासून चालू ठेवली, तेव्हा ही आपत्ती आटोक्यात आली. कोरेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे अनेकांना त्या वर्षी कळून चुकले.

या साऱ्या इतिहासातील निर्णायक वळण विंडोज व्हिस्टाच्या वेळी आले. ही आवृत्ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी ३० जानेवारी २००७ रोजी विक्रीस आली. होम प्रीमियम या प्रकाराची पूर्ण प्रत सुमारे २४० डॉलरला आणि अपग्रेड प्रत सुमारे १६० डॉलरला होती. अल्टिमेट या सर्वोच्च प्रकारात हाच फरक सुमारे ४०० आणि २६० डॉलर असा होता. म्हणजे अपग्रेडच्या वाटेने जाणाऱ्याचे ८० ते १४० डॉलर वाचत. परंतु विक्री सुरू होताच असे आढळून आले की, जुनी तबकडी दाखविण्याची रीतच या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली आहे. डीव्हीडी घालून यंत्र सुरू केले आणि अपग्रेडची चावी टंकित केली, तर आज्ञावली ती स्वीकारीत नसे. चालू असलेल्या विंडोजमधूनच स्थापना सुरू केली पाहिजे असे ती बजावी. चालू असलेल्या एक्सपीमधून आरंभ केल्यावर मात्र ग्राहकास कोऱ्या पद्धतीची स्थापनाही निवडता येई. विंडोज २००० च्या ग्राहकांची स्थिती तर मौजेची होती. त्यांना अपग्रेडची सवलत होती, पण जुन्यावर नवी चढविण्याची मुभा नव्हती; कोरी स्थापनाच करणे त्यांना भाग होते, आणि ती सुरू करण्यासाठी जुनी विंडोज २००० जिवंत असणे आवश्यक होते.

या नियमाचा व्यवहारातील अर्थ असा. ज्याची डिस्क निकामी झाली आहे, परंतु ज्याच्यापाशी एक्सपीची विकत घेतलेली सीडी, तिची चावी आणि खरेदीची पावती ही सर्व आहेत, त्याने प्रथम नव्या डिस्कवर एक्सपी बसवावी, आणि ती उभी राहिल्यावर केवळ पुसून टाकण्यासाठी तिच्या आतून व्हिस्टाची स्थापना सुरू करावी. ज्यास हे एकदाच करावे लागे त्याने त्रास सोसला असता. परंतु विंडोज पुनःपुन्हा बसविणे ही त्या काळात नित्याची गोष्ट होती, आणि प्रत्येक वेळी हा दुहेरी खटाटोप ओघानेच आला. पुराव्याची जागा येथे बदलली. यापूर्वी पुरावा म्हणजे तबकडी ही वस्तू होती. आता पुरावा म्हणजे यंत्राची एक विशिष्ट क्षणीची अवस्था झाली, आणि अवस्था कपाटात ठेवता येत नाही.

विक्री सुरू होते न होते तोच या पहाऱ्यातील फट उघडकीस आली. विंडोजविषयी लिहिणारे अमेरिकी पत्रकार पॉल थरॉट यांनी ती विशेषत्वाने प्रसिद्धीस आणली. तिचे स्वरूप पुढीलप्रमाणे होते. व्हिस्टाच्या डीव्हीडीवर सर्व प्रकार एकत्रच ठेवलेले असत, आणि कोणता प्रकार बसवावयाचा हे चावीवरून ठरे. पण चावी न घालताही स्थापना पुढे नेता येत असे. मग आज्ञावली प्रकारांची यादी दाखवी, आणि ३० दिवसांच्या मुदतीवर निवडलेला प्रकार बसवून देई. ग्राहकाने अपग्रेडची डीव्हीडी घालून यंत्र सुरू करावे, चावीची जागा रिकामी सोडावी, आपोआप ॲक्टिव्हेट करण्याची खूण काढून टाकावी, आपण विकत घेतलेला प्रकार अचूक निवडावा आणि कोऱ्या डिस्कवर स्थापना पूर्ण करावी. त्यानंतर या नव्या, अद्याप मान्यता न मिळालेल्या व्हिस्टाच्या आतून तीच डीव्हीडी पुन्हा चालवावी, या खेपेस अपग्रेडची चावी टंकित करावी आणि अपग्रेड हा पर्याय निवडावा. आज्ञावली पाहते तो यंत्रावर विंडोज चालू आहे. ती कोणती आहे आणि तिचे पैसे चुकते झाले आहेत काय, हे ती विचारीत नाही. व्हिस्टाचे व्हिस्टावर अपग्रेड होते, आणि पुढे मान्यताही मिळते. दुसऱ्या स्थापनेने पहिलीचे अवशेष ‘विंडोज.ओल्ड’ या नावाच्या फोल्डरमध्ये बाजूस ठेवलेले असत. ते डिस्क-सफाईच्या साधनाने काढून टाकले की अनेक गिगाबाइट जागा मोकळी होई.

या युक्तीचे वर्णन त्या काळी पुष्कळांनी चतुराईचा मासला म्हणून केले. तथापि तिच्यातील खरी गंमत चतुराईत नसून परिणामात आहे. पहारा बसविला होता तो ज्याच्यापाशी जुना परवाना नाही त्याच्यासाठी. प्रत्यक्षात अशा मनुष्याला या दुहेरी स्थापनेने कोणतीच आडकाठी राहिली नाही, आणि ती करताना त्याच्याकडे जुनी तबकडीही कोणी मागितली नाही. उलट कंपनीचा शब्द प्रमाण मानून चालणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाने प्रथम एक्सपी बसवावी, तिला मान्यता मिळवावी आणि मग व्हिस्टाकडे वळावे, असा लांबचा फेरा घ्यावा. विंडोज ९५ च्या फ्लॉपीची फट निदान जुन्या प्रतीच्या एका तरी मालकाचे अस्तित्व गृहीत धरी. व्हिस्टाच्या फटीस तेवढाही आधार नको होता.

मायक्रोसॉफ्टची बाजू येथे न मांडणे अन्यायाचे होईल. कंपनीने ही फट आपल्याला ठाऊक असल्याचे नाकारले नाही. पूर्वीचा परवाना नसताना हा मार्ग अवलंबिणे म्हणजे कराराचा भंग होय, आणि एवढी यातायात करणारे ग्राहक थोडेच असतील, अशी भूमिका तिने घेतली. या भूमिकेत तथ्य आहे. ८० डॉलर वाचविण्यासाठी दोनदा स्थापना करणारा मनुष्य तसाही पूर्ण प्रत घेण्याचा संभव कमीच होता. शिवाय चावीवाचून स्थापना होऊ देणे ही मूळची सोय होती. तीमुळे तंत्रज्ञांना प्रकार पारखून पाहता येत. ती काढून टाकली असती तर अधिक लोकांची गैरसोय झाली असती. परंतु या समर्थनातून एक गोष्ट नकळत मान्य होते. परवान्याचा खरा आधार करारपत्र हेच होते, यंत्रातील तपासणी नव्हे; आणि तसे असेल तर जुनी तबकडी दाखविण्याची निरुपद्रवी रीत मोडण्याचे प्रयोजन काय होते, याचे समाधानकारक उत्तर या समर्थनातून मिळत नाही.

विंडोज ७ च्या वेळी, २२ ऑक्टोबर २००९ रोजी, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. एक्सपीवरून थेट विंडोज ७ वर चढण्याची वाट ठेवलेलीच नव्हती. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाणाऱ्यासही कोरी स्थापना अपरिहार्य होती. म्हणजे अपग्रेडचा ग्राहक बहुसंख्येने कोऱ्या स्थापनेचाच ग्राहक होता. या वेळी अपग्रेडची चावी स्थापनेच्या वेळी अडविली जात नसे, ती ॲक्टिव्हेशनच्या वेळी अडे. काही यंत्रांवर मान्यता विनासायास मिळे, तर काहींवर ही चावी केवळ अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या स्थापनेसाठी नव्हे, असा संदेश येई. त्यावर दुहेरी स्थापना होतीच, पण त्याहून सोपा उपायही लवकरच निघाला. रजिस्ट्रीमध्ये ‘मीडियाबूटइन्स्टॉल’ या नावाची एक नोंद असे, आणि यंत्र तबकडीवरून सुरू करून स्थापना झाली असल्यास तिचे मूल्य १ असे. ते ० करावे, ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेने मुदतीची गणना नव्याने सुरू करावी, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, की तीच चावी मान्य होई. सारा पहारा एका अंकावर येऊन ठेपला होता. कंपनीच्या वतीने पुन्हा तेच सांगण्यात आले की, तंत्राने शक्य आहे म्हणून ते कायद्याने योग्य ठरत नाही. पात्र परवाना असलेल्यानेच अपग्रेड घ्यावे. आणि गंमत अशी की, पात्र परवाना असलेल्या ग्राहकालाही मान्यता मिळविण्यासाठी पुष्कळदा हीच चोरवाट चोखाळावी लागे.

युरोपात त्याच वर्षी काही काळ वेगळेच चित्र दिसत होते. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजशी जोडण्यावरून युरोपीय आयोगाशी वाद चालू असल्याने, जून २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपासाठी ब्राउझर वगळलेली ‘ई’ आवृत्ती देण्याचे जाहीर केले. ती जुन्या आवृत्तीवर चढविता येणार नव्हती. म्हणून पूर्ण प्रतच अपग्रेडच्या किंमतीत विकण्याचे ठरले. पुढे ‘ई’ आवृत्तीचा बेत सोडून देण्यात आला आणि डिसेंबर २००९ मध्ये ब्राउझर-निवडीच्या पडद्यावर तडजोड झाली. तथापि पूर्ण प्रत आणि अपग्रेड प्रत यांतील किंमतीची भिंत आवश्यक वाटली तेव्हा काढून ठेवता येते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

ॲपल कंपनीची रीत याहून निराळी होती. स्नो लेपर्ड ही मॅक ओएस टेनची आवृत्ती २८ ऑगस्ट २००९ रोजी २९ डॉलरला विक्रीस आली. ही किंमत पूर्वीची लेपर्ड आवृत्ती असलेल्यांसाठी होती. त्याहून जुनी टायगर असलेल्या ग्राहकाने १६९ डॉलरचा संच घ्यावा अशी अपेक्षा होती. परंतु २९ डॉलरची तबकडी टायगर असलेल्या यंत्रावरही चाले, आणि डिस्क पुसून कोरी स्थापनाही तिच्यावरून करता येई. चावी नव्हती, मान्यता नव्हती, जुन्या तबकडीची विचारणाही नव्हती. यावरून ॲपलचे औदार्य सिद्ध होत नाही. ॲपल यंत्र विकीत होती; तिची प्रणाली चालविणारा प्रत्येक जण यंत्राच्या किंमतीत आपला परवाना आधीच चुकता करून बसला होता. मायक्रोसॉफ्टचे यंत्र दुसऱ्याचे होते, तिच्यापाशी विकण्यास परवान्यावाचून काही नव्हते. विश्वास ठेवणे कोणास परवडते हे पुष्कळदा धंद्याच्या रचनेवरून ठरते.

न्यायालयांपुढे हा प्रश्न अपग्रेडच्या दुसऱ्या टोकाने आला : नवी आवृत्ती घेतल्यावर जुन्या तबकडीचे काय? अमेरिकेत एका वास्तुविशारद कंपनीने ऑटोकॅडच्या १४ व्या आवृत्तीवरून पुढील आवृत्ती सवलतीत घेतली. करारानुसार जुन्या प्रती नष्ट करावयाच्या होत्या. त्या तिने विकून टाकल्या, आणि खरेदीदाराने त्या इंटरनेटवर विक्रीस ठेवल्या. वर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. कनिष्ठ न्यायालयाने २००८ मध्ये विक्रेत्याच्या बाजूने कौल दिला होता; परंतु सप्टेंबर २०१० मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो फिरविला, आणि मूळ कंपनी ही प्रतींची मालक नसून केवळ परवानाधारक होती, सबब तिला त्या विकण्याचा अधिकार नव्हता, असा निर्णय दिला. याउलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात, मुदतीच्या मर्यादेविना मोबदला घेऊन दिलेली प्रत ही विक्रीच होय आणि ती पुढे विकता येते, असे ठरविले. मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निरुपयोगी केली पाहिजे. एकाच व्यवहारास एका खंडात विक्री आणि दुसऱ्यात भाडेपट्ट्यासारखा परवाना म्हटले जावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

महाराष्ट्रात या वादाचे पडसाद फारसे उमटले नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जुळविलेल्या यंत्रांवर दुकानदार विंडोज ‘टाकून’ देत, आणि यंत्र मंदावले की त्यास ‘फॉरमॅट मारीत’. ही दोन्ही क्रियापदे बोलीत इतकी रुळली की, स्थापना आणि पुसणे ही एकाच कामाची दोन अंगे असल्याचे त्यांतून आपोआप सूचित होते. परवान्याची चौकशी या व्यवहारात क्वचितच होई. म्हणून अपग्रेड-तबकडीचे कोडेही तेथे क्वचितच पडे. मराठीत लेखन करणाऱ्यास मात्र कोऱ्या स्थापनेची झळ अन्य मार्गाने लागे. देवनागरीचा युनिकोड आधार विंडोजमध्ये २००० च्या आवृत्तीपासून आला. परंतु एक्सपीमध्ये तो सुरुवातीपासून चालू नसे. प्रादेशिक पर्यायांत जाऊन संयुक्त लिप्यांची खूण करावी, मूळ सीडी पुन्हा घालावी, मग मराठी अक्षरे नीट जुळत. युनिकोडपूर्व फॉण्टांत केलेले लेखन तर त्याहून दुबळे. डिस्क पुसताना फॉण्टही जाई, आणि जपून ठेवलेला मजकूर रोमन चिन्हांच्या अर्थहीन ओळी होऊन समोर येई. तोच फॉण्ट परत मिळविल्याखेरीज तो वाचता येत नसे. व्हिस्टापासून भारतीय लिप्यांचा आधार मुळातच चालू राहिला, हा त्या अप्रिय आवृत्तीचा मराठीवरील एक उपकार होय.

विंडोज ८ ची कथा थोडक्यात आटोपते. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती आली तेव्हा प्रो प्रकाराचे अपग्रेड ३१ जानेवारी २०१३ पर्यंत सुमारे ४० डॉलरला उतरवून घेता येत होते, आणि यंत्र मूळ स्थितीस आणण्याची सोय प्रणालीतच अंतर्भूत झाली होती. ऑक्टोबर २०१३ मधील ८.१ आवृत्तीच्या दुकानातील प्रती पूर्ण प्रती होत्या. अपग्रेड-तबकडी या वस्तूचा अंत तेथे झाला म्हणण्यास हरकत नाही.

वस्तू संपली तरी कोडे उरले. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० प्रसिद्ध झाली आणि ७ व ८.१ च्या ग्राहकांना ती वर्षभर विनामूल्य देऊ केली गेली. ज्यांनी उत्साहाने प्रथम डिस्क पुसून ती बसविली त्यांना मान्यता मिळेना. त्यांनी पुन्हा विंडोज ७ बसवावी, तीवरून विंडोज १० कडे जावे, त्या वेळी यंत्राच्या घटकांची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाई, आणि मग डिस्क पुसून हवी तितक्या वेळा कोरी स्थापना करावी, असा क्रम होता. २००७ मधील लांबचा फेरा आठ वर्षांनी पुन्हा अवतरला होता. मात्र या खेपेस तो एकदाच घालावा लागे. कारण पुरावा आता ग्राहकाच्या तबकडीतही नव्हता आणि यंत्राच्या अवस्थेतही नव्हता, तो कंपनीच्या दप्तरी होता. मदरबोर्ड बदलला तर ती ओळख पुसट होई, आणि नव्याने समजूत घालावी लागे. नोव्हेंबर २०१५ मधील १५११ या सुधारणेने विंडोज ७ व ८ ची चावी थेट विंडोज १० च्या कोऱ्या स्थापनेस चालू लागली. आधीच्या वीस वर्षांतील ही बहुधा सर्वांत सरळ व्यवस्था होती : विकत घेतलेल्या जुन्या प्रतीची पंचवीस अक्षरे टंकित करावी आणि नवी प्रणाली मान्य करून घ्यावी.

विनामूल्य देण्याची मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपल्यावरही ही वाट अनेक वर्षे उघडीच राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केल्याचे जाहीर केले. ज्या यंत्रांची नोंद तत्पूर्वी झाली होती त्यांची मान्यता अबाधित राहिली; डब्यावर चिकटविलेली जुनी चावी मात्र नव्या स्थापनेस निरुपयोगी झाली. विंडोज १० चा आधारकाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तीवरून ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ११ कडे जाण्यास मोल पडत नाही. परंतु तेथे पूर्वीचा परवाना असणे पुरेसे नाही. यंत्रातील प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो आणि टीपीएम नामक सुरक्षा-घटकाची दुसरी आवृत्ती त्यात असावी लागते. ही तपासणी चुकविण्यासाठी रजिस्ट्रीत कोणती नोंद बदलावी, याची टिपणे विंडोज ११ प्रसिद्ध झाल्यापासूनच हातोहात फिरू लागली.